बायोप्सीच्या रिपोर्टाचे नऊ दिवस : रावपुऱ्याजवळच्या एका लॅबबद्दल

रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी मिळेल असं पावतीवर लिहून दिलं होतं. मिळाला पुढच्या गुरुवारी, रात्री ९:५० ला, व्हॉट्सॲपवर. मधल्या पाच दिवसांत आमच्या घरात काय चाललं होतं ते सांगितल्याशिवाय मला या लॅबला तारे देता येणार नाहीत, म्हणून हे जरा लांबणार आहे. ज्यांना नुसतं रक्त, साखर, थायरॉईड तपासायचं आहे त्यांच्यासाठी एवढंच : जागा स्वच्छ आहे, रक्त घेणाऱ्या मुलींचा हात हलका आहे, दर भिंतीवर लावलेले आहेत, सकाळी साडेसातला उघडते. पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी घरी बोलवावं, येतात. खुशाल जा. बाकीचं मी बायोप्सी, म्हणजे गाठ किंवा तिचा तुकडा काढून तपासणी, करून घेणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी लिहितेय.

मी दांडियाबाजारात राहते, घरीच ब्लाऊज आणि चणिया-चोळी शिवते. बडोद्यात नवरात्राची शिलाई श्रावणातच सुरू होते. माझ्या मुलीची चोळी मी दरवर्षी सगळ्यात आधी बेतते, नाहीतर गिऱ्हाइकांच्या गर्दीत तिचीच राहून जाते. ती २२ वर्षांची आहे, एम. कॉम. करते. गळ्याचं माप घ्यायला टेप मानेभोवती फिरवली आणि डाव्या बाजूला, कानाच्या खाली चार बोटांवर, काहीतरी हाताला लागलं. चिंचोक्याएवढं. दाबलं तर हललं, दुखलं नाही. ‘दुखत नाहीये ना आई, मग सोड की,’ ती म्हणाली. मी माप वहीत लिहिलं, पण त्या रात्री माझ्या बोटांना ती गाठ परत परत जाणवत राहिली.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी ७ दिवस अँटिबायोटिक दिलं. गाठ कमी झाली नाही, उलट वाढली. सोनोग्राफीत २.४ सेंटीमीटरची एक आणि तिच्या शेजारी दोन बारक्या निघाल्या, आणि त्या कागदावर एक वाक्य होतं, ‘फॅटी हायलम दिसत नाही’, म्हणजे चांगल्या ग्रंथीच्या मध्यात असतो तो चरबीचा भाग दिसत नाही. ते वाक्य मी रात्री मोबाईलवर शोधलं. शोधायला नको होतं. मग सुईने पेशी काढून करतात ती एफएनएसी झाली. त्यात ‘नक्की सांगता येत नाही, गाठ काढून तपासावी’ असं आलं. सर्जन सरळ बोलणारे होते. म्हणाले, आपल्याकडे या वयात मानेत अशी गाठ असली तर पुष्कळदा टीबी निघतो. पण लिम्फोमा, म्हणजे ग्रंथींचा कॅन्सर, तोही या वयात होतो, आणि बाहेरून हात लावून दोन्ही सारखेच लागतात. अख्खी गाठ काढून बघू.

नेमका पितृपक्ष लागलेला. सासूबाई म्हणाल्या, सर्वपित्री होऊन जाऊ दे, मग काय ते करा. जाऊबाईही त्यांच्याच बाजूने. आमचे हे गप्प. शेवटी मुलगीच म्हणाली, ‘आजी, पितर आपलेच ना? ते कशाला माझं वाईट करतील?’ सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मंगळवारी आम्ही गेलो.

जागा बधिर करून पाऊण तासात झालं. ती बाहेर आल्यावर मी पहिल्यांदा टाके बघितले. हाताला सवयच ती. चार टाके, सारख्या अंतरावर, कुठे ओढ नाही. मग नर्सने माझ्या हातात फिरकीच्या झाकणाची एक प्लास्टिकची बाटली दिली आणि म्हणाली, ही लॅबमध्ये द्या. आत पाण्यासारखं दिसणारं फॉर्मालिन, आणि तळाशी एक करडा-पांढरा तुकडा, भिजवून सोललेल्या वालासारखा. चिकटपट्टीवर माझ्या मुलीचं नाव, वय, तारीख. तिला मी नऊ महिने वाढवलं आणि तिच्या मानेतला तुकडा आता माझ्या मुठीत होता. दिरांच्या स्कूटरवर मागे बसले. न्यायमंदिरापाशी नेहमीसारखी कोंडी होती, मंगळबाजारात बायका नवरात्राच्या लेसा घेत होत्या, आणि मी सगळा रस्ता बाटलीचं झाकण अंगठ्याने दाबून धरलं होतं.

आता लॅब. काउंटरवर साठीला आलेले एक गुजराती गृहस्थ होते. त्यांनी बाटली उजेडात धरली, चिकटपट्टीवरचं नाव आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं नाव दोनदा ताडून बघितलं. मग मला विचारलं, ‘बेन, सलाईनवाळी बाटली क्यां छे?’ मला काही कळेना. मी म्हटलं, हीच दिलीय. त्यांनी चष्मा काढला आणि मला नीट सांगितलं. फॉर्मालिनमध्ये तुकडा टिकतो, पण त्यातले जंतू मरतात. टीबीची शंका असेल तर गाठीचा एक भाग साध्या सलाईनमध्ये वेगळा द्यावा लागतो, त्यावर सीबीनॅट, म्हणजे मशीनवर टीबीचा जंतू शोधायची तपासणी, आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होतं. सगळीच गाठ फॉर्मालिनमध्ये गेली तर कल्चर कधीच होणार नाही, आणि त्यासाठी पुन्हा कापायला लागू शकतं.

‘पुन्हा’ हा शब्द ऐकून माझे पाय गळाले. त्यांनी तिथूनच नर्सिंग होमला फोन लावला. सर्जननी अर्धा तुकडा सलाईनमध्ये ठेवलेला होता. बाटली ट्रेमध्येच राहिली होती, नर्स द्यायला विसरली होती. दीर तसेच उलटे गेले आणि वीस मिनिटांत घेऊन आले. आता लॅबने ती तपासणीही आपल्याकडेच लावून पैसे घेतले असते तर मी एका शब्दाने विचारलं नसतं. पण ते म्हणाले, ‘ही सरकारी टीबी केंद्रात मोफत होते, डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि आजच पोचवा, आमच्याकडे कशाला पैसे भरता?’ फॉर्मालिनच्या बाटलीचे १,२०० रुपये घेतले, पावती दिली, पावतीवर ‘शनिवार सायं. ६’ असं लिहिलं. या एका प्रसंगासाठी मी या लॅबला जन्मभर मानेन. ज्या कुणाला गाठ काढून घ्यायची आहे त्यांनी भूल देण्याआधीच सर्जनला विचारून ठेवा, सलाईनची बाटली वेगळी देणार ना? आणि हातात किती बाटल्या आल्या ते मोजा.

बुधवारी मुलीने तिथेच रक्त दिलं, सर्जननी लिहून दिलं होतं म्हणून. संध्याकाळी मी बाहीला अस्तर लावत होते तेव्हा मोबाईल वाजला. लॅबचा मेसेज : युवर रिपोर्ट इज रेडी. बास, एवढंच. कुठला रिपोर्ट, काही नाही. बायोप्सीला चार दिवस सांगितलेत हे मला माहीत होतं, तरी हातातली सुई कुठे पडली ते कळलं नाही. लिंक उघडेना. मुलगी स्वयंपाकघरातून आली, माझं तोंड बघितलं, फोन घेतला, उघडला. रक्ताचा होता. ईएसआर, म्हणजे अंगात कुठे दाह असला की वाढतो तो आकडा, वाढलेला, बाकी ठीक. ती मला पाणी देऊन गेली. काही बोलली नाही. सुई मला दुसऱ्या दिवशी चटईच्या कडेत सापडली.

लॅबच्या मालकांना माझी हात जोडून विनंती आहे, त्या मेसेजमध्ये तपासणीचं नाव घाला. एक शब्द. ‘रक्त’ किंवा ‘बायोप्सी’. तुमच्या कॉम्प्युटरला ते माहीत असतंच.

शनिवार उजाडला. मी सकाळपासून सहा वाजण्याची वाट बघत होते. सहा वाजले, साडेसहा, सात. फोन केला. ‘प्रोसेसमां छे.’ कधी येईल? ‘आवी जशे.’ ठेवला. पुन्हा अर्ध्या तासाने केला. तेच. त्या दोन शब्दांनी माझ्या डोक्यात काय काय सुरू झालं ते ज्याच्या घरात असा कागद यायचा राहिलाय त्यालाच कळेल. चांगला असता तर दिला असता. वाईट आहे म्हणूनच थांबवलाय. डॉक्टरांना आधी कळवत असतील. फोन उचलणाऱ्या मुलीचा आवाज मला बघून बदलला असं वाटलं, आणि ती तर मला बघतही नव्हती. मग रात्री बारानंतर मोबाईल. मानेतली गाठ, लिम्फोमा, किती टक्के. एक पान वाचून झालं की दुसरं, दुसरं पहिल्याच्या उलट सांगणारं.

रविवारी सासऱ्यांची तिथी होती, अष्टमी. खीर, वडे, अळूची भाजी, कढी, सगळं रीतीप्रमाणे केलं. पान गच्चीवर ठेवलं आणि कावळा यायला वेळ लागला. एरवी मी असल्या गोष्टी मनावर घेत नाही. त्या दिवशी मी उन्हात उभी राहून मनातल्या मनात मामंजींना म्हणत होते, तुमची लाडकी नात आहे, बघा. कावळा आला. मुलगी माझ्या मागेच उभी होती, मानेला पट्टी. तिनेही बघितलं असणार. आम्ही दोघी जिना उतरलो आणि त्याबद्दल एकमेकींशी बोललो नाही.

त्या दिवसांत आमचं बोलणंच असं झालं होतं. ती माझ्यासमोर हसायची, मी तिच्यासमोर. जेवताना तिच्या पोळीचा अर्धा भाग ताटात राहायचा आणि मी न बघितल्यासारखं करायची. रात्री मी तिच्या खोलीच्या दारापाशी जाऊन श्वास ऐकायची, ती लहान असताना ऐकायची तसा. सोमवारी पहाटे मशीनवर बसले आणि एका गिऱ्हाइकाच्या चोळीची डावी बाही उजव्या मुंढ्याला लावून टाकली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. ब्लेडने एकेक टाका उसवत बसले. उसवताना रडू आलं ते थांबेना, मशीन बंद केली की आवाज बाहेर जाईल म्हणून पायडल नुसतंच मारत राहिले.

सोमवारी लॅबमध्ये गेले. काउंटरवर एक तरुण मुलगा होता. स्क्रीनवर बघून म्हणाला, पेंडिंग आहे. का? माहीत नाही. कधी होईल? दोन दिवसांत चौकशी करा. उद्धट नव्हता, त्याच्याकडे खरंच माहिती नसावी. पण मी जिना उतरले तेव्हा चढताना होते त्यापेक्षा वाईट अवस्थेत होते.

मंगळवारी पुन्हा गेले, आणि सुदैवाने ते पहिले काका होते. त्यांनी मला ओळखलं. ‘सलाईनवाळा बेन,’ म्हणाले. त्यांनी आत फोन केला, ऐकून घेतलं, आणि मला बाकावर बसवून स्वतः शेजारी उभे राहिले. आधी एक गोष्ट स्पष्ट केली : ‘रिपोर्टात काय आहे ते मला माहीत नाही, आणि असतं तरी मी सांगितलं नसतं, ते डॉक्टरांचं काम. पण उशीर का होतोय ते मी सांगू शकतो.’ मग आतून त्यांनी मेणाचा एक कोरा ब्लॉक आणून दाखवला. काडेपेटीपेक्षा लहान, मागे प्लास्टिकची जाळी.

मी शिवणकाम करते म्हटल्यावर त्यांना सांगायला सोपं गेलं असावं, आणि मला समजायलाही. गाठीचा तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये मुरावा लागतो. फॉर्मालिन आत शिरतं ते अगदी सावकाश, तासाला साधारण एक मिलीमीटर, म्हणून मोठा तुकडा आधी चिरून ठेवतात आणि घाई करत नाहीत. मग रात्रभर मशीनमध्ये. चढत्या ताकदीच्या अल्कोहोलमधून काढून त्यातलं पाणी घालवायचं, मग झायलीन नावाच्या द्रावकात, मग साठेक अंश गरम पातळ मेणात. मेण आत जाऊन बसलं की सकाळी त्याचा ब्लॉक बनतो. मऊ मांस कापता येत नाही, मेणाने घट्ट झालं की येतं. आम्ही जॉर्जेट कापताना खाली कागद धरतो, नाहीतर ते कात्रीखाली सरकतं, तसंच. मग त्या ब्लॉकचे काप. तीन ते चार मायक्रॉनचे. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे एका केसाच्या जाडीत जवळजवळ वीस काप बसतील. ते काप कोमट पाण्यावर तरंगवतात, काचेवर उचलून घेतात, आणि रंगवतात, पेशींचा गाभा जांभळट निळा, बाकीचं गुलाबी. तेव्हा कुठे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात.

‘तुमच्या मुलीच्या ब्लॉकचे डॉक्टरांनी आणखी खोल काप मागवलेत,’ काका म्हणाले, ‘आणि टीबीच्या जंतूंसाठी वेगळा रंग सांगितलाय. काच दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवणार आहेत. बेन, जल्दीवाळो रिपोर्ट जोईए के साचो?’

खरा हवा. मला खरा हवा होता, आणि त्याच्यासाठी गुरुवारपर्यंत थांबायची माझी तयारी त्या एका मिनिटात झाली. ‘प्रोसेसमां छे’ याचा अर्थ कुणीतरी माझ्या मुलीच्या गाठीकडे दुसऱ्यांदा नीट बघतंय असा होता. हे शनिवारी मला कुणी फोनवर सांगितलं असतं तर मी ती बाही उलटी लावली नसती. उशीर झाला म्हणजे बातमी वाईट, हे मी मनाशी पक्कं धरून बसले होते आणि ते साफ चूक होतं. खोल काप, खास रंग, दुसरं मत, कधी कधी पेशींवरच्या खुणा ओळखायची आणखी एक तपासणी, या सगळ्याला दिवस लागतात, आणि त्यातून चांगली बातमीही येते.

घरी येऊन मी मुलीला सगळं सांगितलं, ब्लॉक हाताने दाखवून. ती लक्ष देऊन ऐकत होती. ‘एका केसात वीस?’ तिने विचारलं. त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी ती म्हणाली, सेव-उसळ खायला जाऊया का. गेलो. तिने तर्री वाढवून घेतली आणि पाव दोनदा मागितले.

आता गुरुवार. रात्री दहाला दहा कमी होते. मी चणियाला घेर लावत होते. माझा फोन मशीनवरच होता, नजरेसमोर. तो वाजला नाही. गच्चीवरून मुलगी उतरून आली, फोन हातात, चेहरा पांढरा फटक. म्हणाली, ‘आई, आला.’ मी म्हटलं, मला कसा नाही आला? तेव्हा कळलं की रक्ताचा मेसेज आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती कॉलेजातून येताना लॅबमध्ये गेली होती आणि नंबर बदलून आली होती. माझा काढून स्वतःचा दिला होता. ‘तू घरी एकटी असताना तुला तो यायला नको होता,’ म्हणाली. म्हणजे शनिवारपासून मी ज्या फोनकडे डोळे लावून बसले होते त्यावर तो येणारच नव्हता, आणि माझी मुलगी प्रत्येक वेळी फोन घेऊन गच्चीवर एकटी जात होती.

यात लॅबची चूक नाही. ती सज्ञान आहे, रिपोर्ट तिचा आहे, नंबर कुणाचा द्यायचा हे तिनेच ठरवायचं. मी ते मान्य करते. पण रात्री ९:५० ला बायोप्सीचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवायला माझा कडाडून विरोध आहे. त्या वेळी सर्जन फोन घेत नाहीत, लॅब बंद असते, विचारणार कुणाला? इंग्रजीत दीड पान. तिची नजर सगळ्यात आधी शेवटच्या ओळीतल्या ‘मॅलिग्नन्सी’, म्हणजे कॅन्सर, या शब्दावर गेली. त्याच्या आधी ‘नो एव्हिडन्स ऑफ’ असं आहे हे दिसायला तिला किती वेळ लागला ते ती सांगत नाही. मी विचारतही नाही. तो शब्द गच्चीवर अंधारात एकटीने वाचायचा नव्हता.

आम्ही दोघींनी दिव्याखाली बसून पुन्हा वाचला, बोट ठेवून. नेक्रोटायझिंग ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडिनायटिस, क्षयरोगाशी सुसंगत. मी आमच्या डॉक्टरांना फोन केला, ते साडेदहाला जागे होते, देव त्यांचं भलं करो. म्हणाले, टीबी आहे, कॅन्सर नाही, औषधाने बरा होतो, झोपा आता. टीबी आहे हे ऐकून मी ‘थँक्यू डॉक्टर’ म्हणाले. सासूबाई उठून आल्या. त्यांच्या माहेरी त्यांची मावशी क्षयाने गेली होती, त्यांना तो शब्दच सहन होईना. कॅन्सर नाही म्हणून मुलगी रडत होती, टीबी आहे म्हणून सासूबाई. मी दोघींच्या मध्ये बसले होते.

दुसऱ्या दिवशी सर्जननी समजावलं. पेशींचे असे दाणेदार पुंजके टीबीत दिसतात, पण क्वचित लिम्फोमाच्या आजूबाजूलाही दिसू शकतात, म्हणून लॅबच्या डॉक्टरांनी खोलवर जाऊन बघितलं, आणि बरोबरच केलं. खास रंगात जंतू दिसले नव्हते. गाठीच्या टीबीत जंतू थोडेच असतात, बऱ्याचदा दिसत नाहीत. सलाईनच्या बाटलीचा कागदही त्याच दिवशी आला. मशीनवर ते दोन तासांचं काम, पण पहिल्या वेळी मशीनने निकालच दिला नाही, तपासणी परत लावावी लागली. सीबीनॅटमध्ये टीबीचा जंतू सापडला, आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालतं हेही कळलं. ही गोष्ट नुसत्या मेणाच्या काचेवरून कळली नसती. त्या काकांनी चष्मा काढून विचारलेल्या एका प्रश्नाने कळली.

आता ती औषधावर आहे. सहा महिन्यांचा कोर्स, सरकारी केंद्रातून मोफत, वजनाप्रमाणे गोळ्या. निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर नोंद झाली की पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये या हिशेबाने मदत खात्यात जमा होते. लघवी नारिंगी होते, त्याने घाबरायचं नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, फुप्फुसात काही नाही, त्यामुळे तिच्यापासून कुणाला लागण होण्याची भीती नाही. सासूबाईंनी पहिल्या दिवशी तिचं ताट-वाटी वेगळं काढलं होतं. केंद्रातल्या सिस्टरने त्यांना समोर बसवून समजावलं, तेव्हा घरी येऊन त्यांनी स्वतःच ते परत मांडणीत ठेवलं आणि नातीला आपल्या ताटातला घास भरवला.

नवरात्रात ती एकच दिवस खेळली, अष्टमीला. चोळीचा गळा मी परत बेतला, मानेला उभी पट्टी लावून, टाक्यांची जागा झाकेल अशी. मैत्रिणींनी तोच गळा मागितला म्हणून आणखी तीन शिवल्या.

लॅबकडे माझं मागणं मोठं नाही. तारखेला रिपोर्ट देता आला नाही तर त्या दिवशी तुम्ही फोन करा, आम्ही करायच्या आधी, आणि कारण सांगा. काप परत घेताहेत, दुसरे डॉक्टर बघताहेत, एवढं पुरे. पावतीवरच गुजराती-मराठीत छापा की बायोप्सीला जास्त दिवस लागू शकतात आणि त्याचा अर्थ वाईट असतो असं नाही. बायोप्सीचा रिपोर्ट सकाळी पाठवा, आणि सर्जनला आधी किंवा बरोबरच पाठवा. सोमवारच्या त्या मुलाला त्या काकांच्या हाताखाली आठवडाभर बसवा. आमच्या नशिबाने मंगळवारी काकांची पाळी होती. पुढच्या माणसाच्या नशिबावर ते सोडू नका.

रुग्णांसाठी : पावती जपून ठेवा, कागदी प्रत दुपारी चारनंतर मिळते. दुसरीकडे दाखवायचं असेल तर काचा आणि ब्लॉक अर्ज करून मागता येतात, लॅबकडे ते जपलेले असतात. नंबर कुणाचा द्यायचा ते घरात बसून आधी बोलून घ्या. आम्ही नव्हतं बोललो.

पाचपैकी चार तारे. एक मी शनिवारच्या न आलेल्या फोनसाठी कापलाय. तो फोन आता येतो असं कुणी इथे लिहिलं, तर मी परत येऊन पाच करीन.